मेहुण्याचा कॅनिस्टर आणि दुधाळ पाणी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. हॉलमध्ये 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक आहे. त्यात सहा ओरांडा गोल्डफिश होते. आधी नुसता टॉप फिल्टर, म्हणजे टँकच्या वर बसणारा उघडा फिल्टर होता. मार्चमध्ये सांगलीच्या मेहुण्यानं त्याचा वापरलेला कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर दिला, त्यावर ताशी 1000 लीटर असं लिहिलंय. टॉप फिल्टर काढून माळ्यावर टाकला आणि हा लावला. दोन महिने पाणी एकदम स्वच्छ होतं. मग वळवाच्या पावसात एका रात्री पाच-सहा तास लाइट गेली. पहाटे लाइट आली तसं फिल्टरमधून काळपट, घाण वासाचं पाणी आलं आणि दुपारपर्यंत दोन मासे गेले. मी फिल्टर उघडून कापूस, स्पंज, रिंगा सगळं नळाखाली स्वच्छ धुतलं. तेव्हापासून पाणी दुधाळ झालंय आणि उरलेले चार मासे वर येऊन तोंड मारतात. दुकानदार म्हणतो, फिल्टर कमी पडतोय, 2000 लीटरचा घ्या. उद्यमनगरात माझा एक मित्र लेथवर काम करतो. तो म्हणतो, नवीन कशाला, ह्याचाच इम्पेलर (मोटरमधला पाणी ढकलणारा पंखा) मोठा करून देतो, नळ्या जाड टाकू, नाहीतर 8 इंची पीव्हीसी पाईपचा फिल्टरच बनवू. मिसेस म्हणतात, सगळं भंगारात घाला. काय करू?

उत्तर : फिल्टरचं नंतर बघू. आधी ते चार मासे. आजपासून दोन दिवस खाणं पूर्ण बंद, गोल्डफिशला त्यानं काही होत नाही. टँकमधलं तिसरा हिस्सा पाणी काढा आणि अँटीक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) टाकलेलं, टँकमधल्या पाण्याइतक्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरा. उद्या पुन्हा, परवा पुन्हा. माळ्यावरचा टॉप फिल्टर आजच खाली उतरवा आणि कॅनिस्टरच्या जोडीला लावा. एअर पंप असेल तर तोही चोवीस तास चालू ठेवा. अमोनिया मोजायची किट विकत घ्या आणि आकडा शून्यावर येईपर्यंत रोज पाणी बदलत राहा. कॅनिस्टर चालू राहू दे, पण उघडू नका. हात शिवशिवतील, तरी उघडू नका.

आता झालं काय ते सांगतो, कारण दुकानदाराचं निदान मला पटलेलं नाही. कॅनिस्टर म्हणजे पाण्यानं गच्च भरलेला, झाकणबंद डबा. आतल्या स्पंजवर आणि रिंगांवर जिवाणू वाढतात. एक जात माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. पहिली दोन्ही विषारी, तिसरं त्या मानानं निरुपद्रवी, ते आपण पाणी बदलून काढतो. या दोन्ही जातींना काम करायला ऑक्सिजन लागतो आणि बंद डब्यात तो येतो फक्त वाहत्या पाण्यात विरघळून. मोटर थांबली की पुरवठा बंद. डब्यातल्या पाण्यात शिल्लक असेल तेवढा ऑक्सिजन संपतो, मग हे जिवाणू मरायला लागतात आणि साठलेला गाळ कुजायला लागतो. उन्हाळ्यात हे लवकर होतं. 20 अंशाच्या पाण्यात लीटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच. तुमचा फिल्टर पाच-सहा तास बंद होता, दोन महिन्यांचा गाळ आत होता. पहाटे लाइट आली आणि ती सगळी कुजकी भानगड मोटरनं एका दमात टँकमध्ये ओतली. मासे त्यानं गेले. टॉप फिल्टर उघडा असतो, मीडियाला, म्हणजे आतल्या स्पंज-रिंगांना हवा लागत राहते, म्हणून इतकी वर्षं लाइट जात असूनही तुमच्यावर हा प्रसंग आला नव्हता.

यापुढे कॅनिस्टर तास-दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर लाइट आल्या आल्या चालू होऊ द्यायचा नाही. झोपायच्या वेळी लाइट गेलेली असेल तर सरळ बटण बंद करून झोपा. सकाळी डबा उघडून आतलं पाणी मोरीत ओतायचं, मीडिया टँकमधल्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच सुरू करायचा. लाइट फार वेळ येणार नाही असं कळलं तर त्याहून सोपं आहे : बास्केटमधला स्पंज आणि रिंगा जाळीच्या पिशवीत घालून टँकमध्येच सोडून द्या, जवळ बॅटरीवर चालणारा एअर पंप लावा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात शहरात वीज आणि नळाचं पाणी दोन्हींची पंचाईत झाली होती. तशा वेळी खाणं बंद ठेवणं आणि हवा चालू ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. इन्व्हर्टरवर फिल्टर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा असू दे. स्क्वेअर वेव्हवर या मोटरी गुणगुणतात आणि तापतात.

दुसरा घाव तुम्ही स्वच्छतेच्या हौसेनं घातला. रात्री जे जिवाणू कसेबसे वाचले असतील ते नळाच्या क्लोरीननं गेले. काळम्मावाडी धरणावरून थेट पाईपलाईनचं पाणी आलं म्हणून क्लोरीन टळत नाही, शुद्धीकरण केंद्रात ते घालावंच लागतं. पावसाळ्यात तर नळ सोडला की वासच येतो. त्यामुळे तुमचा टँक आज नव्यानं लावलेल्या टँकसारखा आहे : मासे जुने, घाण जुनी, पण ती पचवणारं कोणी नाही. पाण्याचा दुधाळपणा म्हणजे धूळ नाही, पाण्यात तरंगत वाढणारे दुसरेच जिवाणू आहेत. कापूस कितीही बारीक लावला तरी ते अडकत नाहीत. आपोआप बसतात. पण अमोनिया पचवणारी फौज पुन्हा उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. कोणा ओळखीच्यांचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओला ठेवून, तासाभरात. बाटलीतल्या कुठल्याही औषधापेक्षा त्या मळक्या तुकड्यावर माझा भरवसा जास्त आहे.

आता 2000 लीटरचं बघू. तुमचा टँक 9 घनफुटांचा. एका घनफुटात 28.3 लीटर, म्हणजे काठोकाठ 255. वरची मोकळी जागा, खडी, काचेची जाडी वजा केली तर पाणी 210 च्या आसपास. डब्यावरचा ताशी 1000 लीटरचा आकडा हा रिकाम्या डब्याचा असतो, आत मीडिया नाही, नळ्यांना वळणं नाहीत. भरलेल्या, चालू फिल्टरचा आकडा त्याच्या निम्म्यावर येणं काही विशेष नाही. तुमचा किती येतो ते मोजा. टँकमधल्या पाण्याच्या पातळीइतक्या उंचीवर स्टुलावर 10 लीटरची बादली ठेवा, परतीची नळी तिच्यात सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. 36000 ला त्या सेकंदांनी भागा, आलं ताशी लीटर. एका मिनिटात बादली भरली तर 600. बादली जमिनीवर ठेवून मोजू नका, सायफनच्या ओढीनं आकडा फुगतो.

याच संदर्भात एक गैरसमज दुकानातूनच पसरतो : फिल्टर खाली कपाटात ठेवला की मोटरला पाणी चार फूट चढवावं लागतं, म्हणून मोठी मोटर हवी. तसं नसतं. सगळी वाट पाण्यानं भरलेली असते, त्यामुळे टँकमधून खाली उतरणारं पाणी वर चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं. मोटरला ताकद लागते ती नळ्यांचं, वळणांचं आणि मीडियाचं घर्षण मोडायला, आणि परतीचा पाईप पाण्याच्या पातळीच्या वर जेवढा असेल तेवढं पाणी उचलायला. म्हणूनच तुंबलेला स्पंज किंवा कपाटामागे दुमडलेली नळी फिल्टरची जेवढी वाट लावते तेवढी उंची लावत नाही.

आणि एवढा प्रवाह हवाच कशाला? जर्मनीच्या आयहाइमचं जुनं क्लासिक 2213 हे मॉडेल घ्या. ताशी 440 लीटर, 8 वॅट, आणि कंपनी ते 250 लीटरपर्यंतच्या टँकला चालतं म्हणते. म्हणजे टँकमधल्या पाण्याच्या फिल्टरमधून तासाला दोन फेऱ्यासुद्धा नाहीत. तरी ते जगभर वर्षानुवर्षं चालतंय, कारण डबा मीडियानं गच्च भरतो आणि पाण्याला त्यातून गेल्याशिवाय गत्यंतर नसतं. गोल्डफिश घाण जास्त करतात, त्यामुळे मी तुम्हाला दोन फेऱ्यांवर थांबा म्हणणार नाही, तीन-चार असाव्यात. कॅनिस्टरचे 500-600 आणि टॉप फिल्टरचे वेगळे, एवढ्यात तुमचं सहज भागतं. 2000 चा झोत लावलात तर उलट पंचाईत. ओरांडा हा गोल पोटाचा, डोक्यावर टोपी घेतलेला मासा, पोहण्यात मुळातच ढिला. दिवसभर प्रवाहाशी झुंजत राहिला तर कोपरा धरून बसतो.

तेव्हा नवीन घेऊ नका. मेहुण्याच्या फिल्टरमध्येच बदल करायचे, पण तुमचे मित्र म्हणतात ते नाहीत. इम्पेलर मोठा करायचा विचार सोडा. या मोटरीत चुंबकाचा रोटर विजेच्या 50 हर्ट्झशी बांधलेल्या वेगानं फिरतो. त्याला ठरावीक ओझंच पेलतं. पाती वाढवली तर वेग वाढणार नाही, मोटर सुरू होताना अडकेल, कॉइल तापेल. वर तो सिरॅमिकचा दांडा इतका नाजूक असतो की काढ-घालीतच मोडतो. जाड नळ्यांनीही फार काही साधत नाही, कारण झाकणावरची तोंडं आहेत तेवढीच राहणार. नळ्या हव्या तेवढ्याच लांबीच्या कापा, काटकोनी एल्बो काढून टाका, तेवढं पुरे. आणि एक सक्त ताकीद : उद्यमनगरात पितळी निपल, पितळी कॉक हाताशी असतात, त्यातलं काहीही या वाटेत बसवू नका. पितळेत तांबं असतं आणि ते माशांना बाधतं, गोगलगाय-झिंग्यांना तर फारच. प्लास्टिक चालेल, चांगलं स्टेनलेस चालेल.

खरी दुरुस्ती डब्याच्या आत आहे. तुमचं पाणी ठीक झालं, अमोनिया दोन-तीन आठवडे शून्य राहिला की एका रविवारी तो उघडा आणि रिकाम्या बास्केट डब्यात बसवून बघा. बास्केट आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये फट दिसेल, दोन बास्केटच्या सांध्यातही दिसेल. स्वस्त फिल्टरमध्ये ही फट हमखास असते. पाणी महाद्वार रोडच्या गर्दीत सापडलेल्या दुचाकीवाल्यासारखं वागतं, बोळ दिसला की तिकडून सटकतं. स्पंज तुंबत जातो तसं आणखी जास्त पाणी मीडियाला न शिवता बाजूनं वर जातं. मोटर जोरात, धार जोरात, आणि काम शून्य. उपाय साधा आहे. स्पंज बास्केटच्या मापापेक्षा चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठा कापायचा, म्हणजे तो दाबून बसतो आणि कडेनं वाट राहत नाही. बास्केटच्या सांध्यांवर फोमची पातळ पट्टी बसवायची. चिकटवायचं असेल तर अॅक्वेरियमसाठीचं सिलिकॉन वापरा, बाथरूमचं नको, त्यात बुरशीनाशक असतं. पट्टी चिकटवल्यावर एक दिवस वाळू द्या.

मग मीडियाचा क्रम. बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी आधी तळाला जातं आणि तिथून बास्केटमधून वर चढतं, त्यामुळे सर्वांत खालच्या बास्केटमध्ये जाड भोकांचा स्पंज, मध्ये रिंगा, सर्वांत वर कापूस. वर म्हणजे शेवटी, मोटरच्या आधी. मेहुण्यानं कापूस तळाला घातला असण्याची मला दाट शंका आहे, कारण बहुतेक जण तसंच करतात, टॉप फिल्टरमध्ये कापूस पहिला असतो ना. कॅनिस्टरमध्ये तसा घातला की तो आठवड्यात चोंदतो. आत बायोबॉल असतील तर काढून टाका. ते वरून पाणी ठिबकणाऱ्या उघड्या फिल्टरसाठी आहेत, बुडालेल्या डब्यात नुसती जागा अडवतात. कार्बनची पिशवीही काढा. काही आठवड्यांत तिचा दम संपतो; माशांना औषध दिल्यावर ते पाण्यातून काढायला तेवढी वापरावी. त्या मोकळ्या जागेत आणखी जाड स्पंज भरा. महागड्या रिंगांबद्दल लोक पोटतिडकीनं बोलतात, पण बारीक भोकं गाळानं बुजली की रिंग आणि गोटा यात फरक राहत नाही. पैसे वाचवायचे असतील तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या, कोऱ्या, साबण न लागलेल्या, मधल्या बास्केटमध्ये बिनधास्त भरा. तारेची घासणी नको. गादीच्या दुकानातला फोमही नको, त्यातून पाणी नीट जात नाही आणि त्याला काय काय लावलेलं असतं.

सर्वांत मोठा फायदा देणारा बदल सर्वांत स्वस्त आहे. टँकमधल्या ओढणाऱ्या पाईपच्या जाळीवर मध्ये भोक पाडलेला जाड स्पंज चढवा. विष्ठा आणि उरलेलं खाणं तिथंच अडतं, डब्यात गाळ साठतच नाही. गोल्डफिशच्या टँकला हा स्पंज आठवड्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळायचा. मग डबा दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडला तरी चालतो, आणि लाइट गेली तरी आत कुजायला फारसं काही नसतं. स्पंज बाहेर काढताना मोटर बंद करून त्याच्याभोवती प्लास्टिकची पिशवी धरा, नाहीतर अडवलेलं सगळं परत टँकमध्ये पसरतं. परतीच्या बाजूला स्प्रे बार, म्हणजे भोकं पाडलेली आडवी नळी लावा आणि भोकं किंचित वर करून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा, टँकला हवा तिथूनच मिळते. प्रवाह कमी करायचा झाला तर परतीचा कॉक फिरवा. ओढणाऱ्या बाजूचा कॉक कधीही आवळू नका, मोटर हवा धरते आणि खडखडते.

वापरलेला फिल्टर आहे म्हणून ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी बघून घ्या. बाहेर काढा, पुसा, बोटांत धरून ताणा. बारीक चिरा दिसल्या किंवा चपटी पडली असेल तर नवीन घाला. तिला सिलिकॉन ग्रीसचा हात द्यायचा. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल नको, काही रबरं त्यानं फुगतात. नवीन रिंग मिळत नसेल तरच दुसरा फिल्टर घ्यायचा विचार करा, आणि तेव्हाही डब्यावरच्या आकड्याऐवजी दुकानदाराला एवढंच विचारा की ह्याची ओ-रिंग आणि इम्पेलर तुमच्याकडे सुटे मिळतात का. गप्प बसला तर दुसरं दुकान. घेतलात तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान बरे, एक बिघडला तरी दुसरा चालू.

हॉलमध्ये टँक आहे तर पाणी सांडण्याचाही विचार करून ठेवा. नळी निसटली तर सायफन ओढणाऱ्या पाईपच्या तोंडापर्यंतचं पाणी फरशीवर आणतो. म्हणून ते तोंड तळाला टेकवू नका, टँकच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवा. निदान माशांना पोहण्यापुरतं पाणी उरेल. नळ्यांच्या सांध्यांना क्लॅम्प लावा. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब झोळातून खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि त्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर वायरमन बोलवा. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हे सांगायला नकोच.

राहिला 8 इंची पाईपचा फिल्टर. होतो तो. चार-पाच फूट पाण्याचा दाब म्हणजे जेमतेम 0.15 बार, पाईपला ते काहीच नाही. अडतं झाकणापाशी. दर वेळी उघडून पुन्हा गळतीशिवाय बसणारं झाकण करणं हे लेथवरच्या माणसालाही पहिल्या फटक्यात जमत नाही, आणि चाचणी तुमच्या हॉलमध्ये होणार. बनवायचाच असेल तर आधी गच्चीवर बादलीला जोडून महिनाभर चालवा. तोवर मित्राला दुसरं काम द्या : कपाटात फिल्टरच्या खाली मावेल असा स्टेनलेसचा ट्रे, दोन इंच काठाचा, कोपरे वेल्ड केलेले. फिल्टर उघडताना सांडणारं पाणी त्यात राहील, आणि रात्री कधी ठिबकायला लागला तर सकाळी बोट बुडवून लगेच कळेल.